पाचवी वायर

साहेब, या उन्हाळ्यात आमच्या दारात मेलेल्या कोंबड्यांचा ढीग सडला, तो तुम्ही सडवलात. कोंबड्या उन्हानं मेल्या, हे मान्य. पण मेलेली कोंबडी सडायच्या आत उचलून न्यायची सोय गावात होती. ती सोय म्हणजे आम्ही. तुम्ही आम्हाला थांबवलंत आणि वर आमच्याकडेच बघून नाक मुरडलंत. तुमचं नाव मला माहीत आहे. ते लिहीत नाही, कारण उद्या तुमची बदली होईल आणि खुर्ची तिथंच राहील. मला त्या खुर्चीशी बोलायचं आहे.

आमचं काम आधी सांगून टाकते, म्हणजे ज्याला किळस यायची त्याला ती एकदाच येऊन जाईल. गावाबाहेर माळावर पोल्ट्रीच्या लांबलचक शेड आहेत. तिथं रोज थोड्या कोंबड्या मरतात, उन्हाळ्यात जास्त. त्या आम्ही गोळा करतो आणि हमरस्त्यावरच्या खतकारखान्यात पोचवतो. तिथं त्या शिजवून त्यांची पूड करतात. आमचे हे पिकअप चालवतात. धाकटा दीर माल चढवतो-उतरवतो. अंगानं इतका बारीक की सगळा गाव त्याला खिळ्या म्हणतो. शेडमधून पाट्या भरून आणायच्या त्या मी. गाडी धुवायची ती सासऱ्यांनी, त्यांना आम्ही आबा म्हणतो. मुलगी एकच, ती शाळेत जाते.

मेलं की अंग गार पडतं असं लोक समजतात. त्यांनी भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये यावं. जिवंत असताना नसते इतकी मेलेली कोंबडी तिथं तापते. पायाला धरून उचलायला जावं तर पायच हातात येतो. पिसं घामावर चिकटतात, मानेत जातात, ओठांना लागतात. पाटी डोक्यावर घेतली की तळातून पाणी झिरपतं आणि कानामागून खाली उतरतं. गाडीच्या हौद्यात ते पाणी साचायचं आणि गाडी वळली की फळीच्या फटीतून रस्त्यावर सांडायचं. लोक बोंबलायचे. मी त्या लोकांच्या जागी असते तर मीही बोंबलले असते.

म्हणून तुमचा नियम आला तेव्हा मी त्याला नावं ठेवली नाहीत. मेलेलं जनावर गाडीच्या हौद्यातून नेऊ नये, मागे बंद ट्रॉली जोडून न्यावं; ट्रॉलीला ब्रेकचे दिवे, इंडिकेटर आणि मागचा लाल दिवा हवा; ते सगळं तुमच्या कचेरीत दाखवून पास घ्यावा. नियम चांगलाच होता. ज्यानं लिहिला त्यानं कधी ट्रॉली बांधली नव्हती एवढंच.

ह्यांनी शहरात जाऊन तयार हूक आणि वायरिंगचा भाव विचारला. परत आले ते थेट मोरीवर जाऊन तोंड धूत बसले, त्यावरून मला काय ते कळलं. दुकानदारानं तर ह्यांना पायरीच्या वर येऊ दिलं नव्हतं. तिथूनच विचार, म्हणाला, आत एसी आहे, वास फिरत राहतो.

खिळ्या भाऊजी म्हणाले, आपण बांधू.

भंगारवाल्याकडे आमच्याच जातीची एक पिकअप पडली होती, पुढून चेपलेली, मागून धड. तिच्या चेसिसला हुकाची पट्टी आधीपासून बसवलेली होती. भाऊजींनी ती काढताना अर्धा दिवस गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजलं. पट्टी आमच्या चेसिसला अशी बसली की भोकाला भोक मिळालं, एकही नवं पाडावं लागलं नाही. वेल्डर फुकटात दोन टाके मारून देतो म्हणत होता. भाऊजी अडून बसले. चेसिसला टाका नाही मारायचा, तापलं की तिथंच तडकतं, बोल्टवरच बसवायचं. आणि बोल्ट नवे घ्यायचे, डोक्यावर ताकदीचे आकडे असलेले. ह्यांना ती उधळपट्टी वाटली. जुने चांगले आहेत की, म्हणाले, घासून घे.

"दादा, मागे ओझं लागणार आहे," भाऊजी म्हणाले. "जुना बोल्ट उतारावर सुटला तर ट्रॉली आधी मला गाठेल आणि मग तुझ्या सासुरवाडीला जाईल."

बोल्ट नवे आले.

ट्रॉली म्हणजे मोडीत निघालेल्या पाण्याच्या टँकरचा सांगाडा. त्यावर पत्र्याची पेटी चढवली, झाकण केलं, खाली गळू नये म्हणून सांध्यांना डांबर भरलं. मागचे दिवे एका जुन्या टेम्पोचे. टेम्पोत ब्रेक वेगळा आणि इंडिकेटर वेगळा, आमच्या पिकअपमध्येही तसंच, म्हणून मधे सिग्नल जुळवायची कुठली डबी लागली नाही. वायरला वायर जोडली की झालं. भाऊजी पिकअपच्या मागच्या दिव्याखाली उताणे झोपले, हातात बल्ब लावलेला टेस्टर. हे आत बसून ब्रेक दाबायचे, डावा द्यायचे, उजवा द्यायचे, आणि भाऊजी खालून ओरडायचे की ही ब्रेकची, ही डाव्याची. प्रत्येक वायरला मी वेगळ्या रंगाची चिंधी बांधत होते. मागच्या लाल दिव्याला माझ्या जुन्या परकराची चिंधी गेली.

वायर कमी पडली. मागचा दिवा, ब्रेक, डावा, उजवा, एवढ्या चार वायरी टेम्पोच्या जुन्या जुडग्यातून निघाल्या. पाचवी हवी होती ती परतीची, तिला अर्थिंग म्हणतात. वीज दिव्यात जाते तशी ती परत यावीही लागते. हे म्हणाले, परत यायला अख्खं लोखंड पडलंय. दिवा ट्रॉलीला कसलेला, ट्रॉली हुकाच्या गोळ्यावर बसलेली, गोळा चेसिसला. लोखंडाला लोखंड लागलंय तर वायर कशाला. भाऊजींना ते फारसं पटलं नाही, पण ह्यांनी किल्ली फिरवली आणि सगळे दिवे लख्ख लागले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मुलगी टाळ्या वाजवत मागे उभी होती. लागले म्हणजे लागले. आम्ही वायर घ्यायला परत गेलो नाही.

इथवर सगळं ठीक होतं. चुकलं ते पुढे, आणि कशामुळे चुकलं ते नीट ऐका, साहेब.

आमच्या घरातल्या माणसांना वास येतो असं गाव म्हणतं. किराणावाला पैसे हातात घेत नाही, फळीवर ठेवायला लावतो आणि आम्ही वळलो की फडक्यानं उचलतो. न्हावी आबांची दाढी दुकान बंद करायच्या वेळी करतो. मुलीला बाईंनी शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. बाई चांगल्या आहेत, त्यांनी कारण डोळ्यांचं सांगितलं. मुलीचे डोळे घारीसारखे आहेत. ती रात्री झोपण्याआधी हात हुंगते, पुढून मागून, आणि मग उशीखाली घालते.

म्हणून तपासणीची तारीख लागली तेव्हा आबा म्हणाले, ट्रॉली अशी नेऊ की साहेबाला तिच्यात बसून जेवावंसं वाटेल.

त्यांनी ती सोड्यानं घासली. मग पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा उघडा केला, आणि मग हिरवा ऑइलपेंट. एक हात, दुसरा हात, वाळला की तिसरा. आबांचं काम अर्धवट नसतं. भिंत रंगवताना खिळे काढून रंगवणारा माणूस. त्यांनी दिवे सोडवून खाली ठेवले, दिव्यामागचा पत्रा रंगवला, दिव्याच्या पट्ट्या रंगवल्या, बोल्ट रंगवले, वायसरसुद्धा. हुकाचा गोळा आणि त्यावर बसणारी वाटी आतून बाहेरून. सगळं वाळल्यावर दिवे परत कसले. आम्ही शेडवर होतो. संध्याकाळी आलो तर अंगणात ट्रॉली नव्या नवरीसारखी उभी, आणि आबा हाताला रॉकेल लावत बसलेले. नखांत हिरवा रंग. दिवे लावून बघायचं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बांधली तेव्हा लागले होतेच.

कचेरीच्या पटांगणात तुम्ही आलात ते लांबूनच. ट्रॉली रिकामी होती, धुतलेली होती, रंगाचा वास सोडला तर तिला कसलाच वास नव्हता. तरी तुम्ही कडुनिंबाच्या सावलीतून पुढे आला नाहीत आणि रुमाल नाकावरून काढला नाहीत. बोटानं खूण केलीत, दाबा.

ह्यांनी ब्रेक दाबला. लाल दिवा लागायचा तिथं विझत्या विडीएवढं काहीतरी दिसलं. डावा दिला तर दोन्ही बाजू मिणमिणायला लागल्या, आणि ब्रेकचा दिवाही त्यांच्याबरोबर डोळे मिचकावू लागला. पटांगणात दुसऱ्या गाडीवाल्यांची रांग होती. ते हसले. तुम्हीही हसलात.

"ही काय बत्ती आहे का नवसाची पणती?" तुम्ही म्हणालात. "रंगावर खर्च करता तेवढा कामावर करा. पुढच्या वेळी या."

आबा पेटीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला, जणू रंग अजून ओला होता.

घरी आल्यावर भाऊजींनी टेस्टरची एक टोक-वायर दिव्याच्या पट्टीला लावली, दुसरी बॅटरीला. काही नाही. मग त्यांनी लोखंडी खिळ्यानं पट्टीवर ओरखडा काढला आणि त्या ओरखड्यावर टोक टेकवलं. बल्ब लागला. रंगातून वीज जात नाही. परतीची वाट आबांनी तीन हात देऊन बंद केली होती; वीज परत यायला जागा नाही म्हणून शेजारच्या दिव्यात शिरत होती, दुसऱ्याच्या घरातून वाट काढावी तशी.

हे कुणी आबांना सांगू नये असं मला वाटत होतं. पण आबा ओट्यावरच बसलेले होते. ते उठले, पॉलिश पेपर घेतला आणि स्वतःच लावलेला रंग स्वतःच खरवडायला लागले. भाऊजी म्हणाले, आबा, तेवढं नको, बोल्टाखालचं बोटभर पुरे. आबांनी ऐकलं नाही. अख्खी पट्टी उघडी केली. अंगठ्याचं कातडं सोललं तरी थांबले नाहीत.

"गंज होता तेव्हा चालत होतं," ते म्हणाले. "आपण स्वच्छ झालो की बंद पडतं."

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी पाचवी वायर आणली. पिकअपच्या चेसिसपासून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत नेली, टोकांना ग्रीस लावलं, वर रबरी नळी चढवली. आता रंग राहू दे नाहीतर गंज चढू दे, दिवे लागणार होते. लागले. आम्ही ब्रेक दाबून, इंडिकेटर देऊन, गाडी हलवून, ट्रॉली हिसडून बघितली. मी स्वतः मागे उभी राहून बघितलं.

पुढच्या तपासणीला मात्र अजून अवकाश होता, आणि पास नाही तोवर खेप बंद. ह्यांनी कचेरीत जाऊन विनवलं की दोष दुरुस्त केला आहे, फक्त नजर टाका. शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, साहेब म्हणतात तारखेला. त्याच आठवड्यात ऊन असं चढलं की हातपंपाचा दांडा फडक्याशिवाय धरवेना. दुपारी माळावरची वीज गेली. शेडमधले पंखे थांबले. शेडमालकाचं जनरेटर चालू झालं आणि बंद पडलं. वीज आली तेव्हा आत कोंबड्या अशा पसरल्या होत्या की पाय ठेवायला जमीन दिसत नव्हती. त्या चोच उघडी ठेवून मरतात. सगळ्या चोची उघड्या, सगळ्या एकाच दिशेला, दाराकडे.

शेडमालकाचा फोन आला, उचला. हे म्हणाले, पास नाही. तो म्हणाला, पास गेला खड्ड्यात. ह्यांनी तुमच्या कचेरीत फोन केला, परवानगी मागितली, एक खेप फक्त. तुम्ही फोनवर काय म्हणालात ते मी शेजारी उभी राहून ऐकलंय.

"न्या की," तुम्ही म्हणालात. "फक्त मला विचारून नेलं असं कुठं बोलू नका. धरलं तर मी ओळखत नाही."

ह्यांनी फोन ठेवला आणि गाडीची किल्ली खुंटीला लावली. धरलं असतं तर गाडी गेली असती, आणि घरात गाडीशिवाय दुसरं काही नाही. शेडमालकाला नाही म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या माणसांनी ट्रॅक्टर आणून तो सगळा माल आमच्या दारात ओतला. तुमचंच काम आहे, म्हणाले, तुम्हीच निस्तरा. मी चहाचं भांडं हातात घेऊन उभी होते. शेवटची पाटी ओतताना एक कोंबडी घरंगळत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथं थांबली.

ते दिवस कसे गेले ते सांगायला मला लाज वाटत नाही, ऐकायला तुम्हाला वाटो. आम्ही ढिगावर चुना टाकला, ताडपत्री टाकली. ताडपत्री खालून फुगायची. पोटं फुटायची तेव्हा आवाज यायचा, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा. खालून करडं पाणी निघालं आणि मोरीच्या दिशेनं चाललं. आबांनी फावड्यानं चर खणून ते वळवलं, ते पुन्हा आलं. अळ्या भिंतीवर चढल्या. पिठाच्या डब्याच्या झाकणावर मला अळी सापडली, मी ती चिरडली आणि तशीच पोळ्या लाटल्या. कुणी जेवलं नाही. मुलगी शाळेतून दुपारीच आली. बाईंनी घरी पाठवलं होतं, यावेळी डोळ्यांचं कारण काढलं नाही. शेजारणींनी दारं लावून घेतली. त्यांना दोष देत नाही, मलाही माझं दार लावून घ्यावंसं वाटत होतं, पण ढीग दाराच्या आतल्या बाजूलाही पोचला होता.

तारखेला पहाटेपासून आम्ही फावड्यांनी पाट्या भरत होतो. कोंबडी म्हणून काही उरलं नव्हतं, पिसांचा चिखल होता. हे म्हणाले, आधी रिकामी ट्रॉली दाखवू, मग येऊन भरू. मी म्हटलं, ढीग आज एक ऊनसुद्धा खाणार नाही. कारखान्याची वाट कचेरीवरूनच जाते. भरलेलीच न्यायची. झाकण बंद, सांध्यांना डांबर, एक थेंब गळत नाही. नियम याच मालासाठी केलाय ना, मग याच मालासकट बघू दे.

"वहिनी बरोबर बोलते," भाऊजी म्हणाले. आबांनी झाकणाच्या कडीला दोरी घातली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

पटांगणात आम्ही ट्रॉली कचेरीकडे पाठ करून उभी केली, दिवे थेट तुमच्या खिडकीसमोर. ह्यांनी ब्रेक दाबला. लाल दिवे असे लागले की पटांगणातल्या उन्हातही दिसत होते. डावा दिला, डावा. उजवा दिला, उजवा. मागच्या वेळी हसलेले गाडीवाले रांगेत होते. एकजण म्हणाला, आता जमलं बुवा.

तुमची खिडकी उघडी होती. वास पोचला असेल. मी तुमचा हात बघितला, मनगटावर घड्याळ होतं. हातानं खिडकीची एक फळी ओढली, मग दुसरी. कडी लागल्याचा आवाज आला. हे ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. त्यांना वाटलं तुम्ही खाली येताय. पाय थरथरायला लागला तरी काढला नाही. मी म्हटलं, काढा पाय, ते म्हणाले, येतील आता.

तुम्ही आला नाहीत. शिपाई आला. तोंडावर गमछा, नजर जमिनीवर. म्हणाला, "साहेब म्हणतात दिव्यात दोष आहे. पास नाही."

भाऊजी म्हणाले, बघ, हे काय लागलेत ते. शिपायानं दिव्यांकडे बघितलं. बिचाऱ्यानं बघितलं तरी. मग म्हणाला, मला काय कळतंय, मी सांगितलं ते सांगितलं.

कारखान्याच्या फाटकावर पास मागितला. पास नव्हता. ट्रॉली फाटकाबाहेर उभी राहिली. आम्ही तिथं थांबलो होतो तेवढ्यात शेडमालकानं आमच्या जागी लावलेला टेम्पो आला, उघड्या हौद्याचा, वर नुसतं फडकं, मागचा एक दिवा फुटका, खालून पाण्याची धार. चालकानं कागद दाखवला. तुमच्या सहीचा. फाटक उघडलं. टेम्पो आत गेला तेव्हा धार ह्यांच्या पायांवरून गेली, आणि ह्यांनी पाय मागे घेतले नाहीत. आमचं काम गेलं ते तिथं, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर.

कामाचं मी विचारत नाही. काम दुसरं शोधू, नाही मिळालं तर गाडी विकू. ढिगाचंही विचारत नाही, तो आम्ही माळावर खड्डा खणून पुरला, आबांच्या हातांना अजून फोड आहेत. मी एवढंच विचारते. दिव्यात दोष आहे असं तुम्ही सांगून पाठवलंत. दिवे खिडकीच्या समोर लागले होते आणि खिडकी तुम्ही आपल्या हातानं बंद केली होती. बंद खिडकीतून तुम्हाला कोणत्या दिव्यात दोष दिसला, साहेब? डाव्या की उजव्या?